तुमचं ॲप ज्या फ्रेमवर्कवर उभं आहे, त्याचा ‘करार’ वाचलाय का?

१२ सप्टेंबर २०२३ ला युनिटी या कंपनीने एक घोषणा केली आणि काही तासांतच जगभरातले गेम डेव्हलपर्स भडकले.

युनिटी म्हणजे गेम बनवायचं इंजिन. ‘पोकेमॉन गो’, ‘अमंग अस’ हे गेम त्यावरच बनलेत. घोषणा अशी होती की, १ जानेवारी २०२४ पासून तुमचा गेम कुणी इन्स्टॉल केला, की दर इन्स्टॉलमागे युनिटीला पैसे द्यायचे. सगळ्यात स्वस्त प्लॅनसाठी अट होती, गेल्या १२ महिन्यांतली कमाई २ लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल २ लाख. हे दोन्ही आकडे ओलांडले, की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला २० सेंट.

आकडा छोटा वाटतो ना? मग हिशोब करून बघा. तुमचा गेम फुकट आहे, जाहिरातींतून वर्षाला २ लाख डॉलरपेक्षा थोडी जास्त कमाई होते. अचानक कुठल्यातरी रीलमुळे गेम गाजला आणि आणखी १० लाख लोकांनी तो डाउनलोड केला. बिल आलं २ लाख डॉलर. म्हणजे वर्षभरात जे कमावलं ते जवळपास सगळं गेलं, तेही गेम हिट झाला म्हणून!

त्याहून जास्त राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. नियम फक्त नव्या गेम्सना नव्हता. जे गेम आधीच बाजारात होते, जुन्या अटी मान्य करून बनवलेले होते, त्यांनाही तो लागू होणार होता.

विरोध इतका झाला की २२ सप्टेंबरला कंपनीने माफी मागत नियम सौम्य केले. ऑक्टोबरमध्ये सीईओ जॉन रिचिटिएलो पायउतार झाले. आणि बरोबर एका वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, ही फी पूर्णपणे रद्द झाली. पण तोवर विश्वास गेला होता. ‘टेरारिया’ हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने तर ‘गोडो’ आणि ‘एफएनए’ या दोन मुक्त पर्यायांना प्रत्येकी १ लाख डॉलर देऊन टाकले.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे गेम बनवतो? पण आज कुठलंही ॲप, कुठलीही वेबसाइट कुणी शून्यापासून लिहीत नाही. ती कुठल्यातरी फ्रेमवर्कवर उभी असते. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. बटणं, स्क्रीन बदलणं, सर्व्हरशी बोलणं हे सगळं त्यात आधीच असतं, आपण त्यावर आपलं काम चढवायचं. यात वेळ प्रचंड वाचतो. पण आपला सगळा कोड त्या सांगाड्याच्या मापाने शिवलेला असतो. उद्या सांगाडा बदलायचा म्हटलं, तर बऱ्याचदा ॲप नव्याने लिहावं लागतं.

लायसन्स म्हणजे भाडेकरारच

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिला असाल तर ११ महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार केलाच असेल. त्यातलं लायसन्स आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स, अर्थ एकच. मालकी तुमची नाही, वापरायची परवानगी आहे, आणि अटी कागदावर आहेत. आपण घराचा करार निदान वरवर तरी वाचतो. फ्रेमवर्कचा कुणीही वाचत नाही. (मीही हा लेख लिहायला घेईपर्यंत एकही पूर्ण वाचला नव्हता. ‘एमआयटी’ लायसन्स जेमतेम तीन परिच्छेदांचं आहे हे कळल्यावर जरा लाजच वाटली.)

हे ‘एमआयटी’ सगळ्यात मोकळं. वापरा, बदला, विका, फक्त मूळ कॉपीराइटची सूचना सोबत ठेवा, आणि काही बिघडलं तर आमच्याकडे येऊ नका. ‘बीएसडी’ आणि ‘अपाचे’ याच घराण्यातले. अपाचेमध्ये पेटंटबद्दलही स्पष्ट लिहिलेलं असतं.

‘जीपीएल’ची अट वेगळी. त्यावर आधारलेलं सॉफ्टवेअर तुम्ही दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. ‘एजीपीएल’ आणखी एक पाऊल पुढे. सॉफ्टवेअर तुमच्याच सर्व्हरवर आहे आणि लोक ते फक्त इंटरनेटवरून वापरतायत, तरीही बदललेला कोड त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो.

याचं छान उदाहरण मुंबईतच आहे. फ्रापे ही इथली कंपनी. तिचं ‘फ्रापे फ्रेमवर्क’ एमआयटी लायसन्सखाली आहे, आणि त्याच फ्रेमवर्कवर बनवलेलं ‘ईआरपीनेक्स्ट’ जीपीएलखाली. म्हणजे सांगाडा घेऊन तुम्ही स्वतःचं बंद सॉफ्टवेअर बनवून विकू शकता. पण ईआरपीनेक्स्टमध्येच फेरफार करून ते ग्राहकाला दिलंत, तर कोडही द्यायचा. एकच कंपनी, दोन करार. म्हणून ‘ओपन सोर्स आहे ना, मग झालं’ एवढ्यावर थांबू नये.

फेसबुकची एक ओळ

करारातलं एक कलम काय करू शकतं हे बघायचं तर रिॲक्टची गोष्ट बघा. फेसबुकने २०१३ मध्ये रिॲक्ट खुलं केलं आणि ते तुफान लोकप्रिय झालं. पण पुढे त्याच्या लायसन्सला पेटंटची एक पुरवणी जोडलेली होती. तुम्ही फेसबुकवर पेटंटचा खटला भरला, तर रिॲक्टसोबत मिळालेली त्यांच्या पेटंटची परवानगी रद्द! मग तो खटला रिॲक्टशी संबंधित नसला तरी.

अनेक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जुलै २०१७ मध्ये अपाचे फाउंडेशनने सांगितलं, की असं लायसन्स असलेला कोड आमच्या प्रकल्पांत चालणार नाही. फेसबुकने ऑगस्टमध्ये ‘आम्ही बदलणार नाही’ असं कळवलं. १४ सप्टेंबरला वर्डप्रेसचे मॅट मुलनवेग यांनी जाहीर केलं, की आम्ही रिॲक्ट सोडतोय. आठ दिवसांत, २२ सप्टेंबरला, फेसबुकने माघार घेतली आणि रिॲक्ट १६ साध्या एमआयटी लायसन्सखाली आलं. (युनिटीची माघारही २२ सप्टेंबरचीच. ही तारीख माघारीला शुभ असावी.)

पण वर्डप्रेसकडे जी ताकद होती ती तुमच्या-माझ्याकडे नसते. नाशिकमधल्या चार जणांच्या टीमने तेच पत्र लिहिलं असतं, तर काय झालं असतं हे सांगायला नको.

मुक्त होतं, मग बंद कसं केलं?

सप्टेंबर २०२२ मध्ये लाइटबेंड कंपनीने ‘अक्का’ या फ्रेमवर्कचं लायसन्स अपाचेवरून बदलून ‘बिझनेस सोर्स लायसन्स’ केलं. कोड दिसतो, वाचता येतो, पण वर्षाला अडीच कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनी तो प्रत्यक्ष धंद्यात वापरायचा तर पैसे मोजायचे. कोड दिसतो म्हणून त्याला ओपन सोर्स समजण्याची चूक इथेच होते.

कायद्याच्या बाजूने एक दिलासा आहे. जी आवृत्ती एमआयटी किंवा अपाचेखाली एकदा बाहेर आली, ती कंपनी परत घेऊ शकत नाही. बदल पुढच्या आवृत्त्यांना लागू होतो. म्हणूनच अक्काच्या शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून ‘अपाचे पेक्को’ नावाची नवी शाखा निघाली. पण अशी शाखा काढायला आणि सांभाळायला माणसं मिळाली तरच. नाहीतर जुनी आवृत्ती हातात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तुमच्या डोक्यावर.

मग लायसन्स बदलू शकतं कोण? ज्याच्याकडे सगळ्या कोडचे हक्क आहेत तो. अनेक कंपन्या बाहेरून कोड देणाऱ्यांकडून ‘सीएलए’ नावाच्या करारावर सही घेतात. प्रत्येक सीएलए सारखा नसतो, पण काहींमध्ये कंपनीला हवं तेव्हा लायसन्स बदलायची मोकळीक असते. माझ्या मते लायसन्सच्या नावापेक्षा हा कागद आधी वाचावा, आणि नेमका तोच कुणी उघडत नाही.

उलट टोकाचं उदाहरण ‘क्यूट’ या फ्रेमवर्कचं. केडीई समुदायाने १९९८ मध्येच कंपनीसोबत एक फाउंडेशन उभं करून करार केला, की मुक्त आवृत्ती काढणं १२ महिने थांबलं, तर फाउंडेशन क्यूट बीएसडी लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुलं करू शकेल. त्यानंतर मालकी ट्रोलटेककडून नोकियाकडे, तिथून डिजियाकडे आणि मग द क्यूट कंपनीकडे गेली. मालक बदलत गेले, करार मात्र टिकून राहिला.

करार चांगला, पण इमारतच सोडली तर?

लायसन्स उत्तम असूनही फ्रेमवर्क मरू शकतं. गूगलचं अँग्युलरजेएस एमआयटीखालीच होतं. २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं, पण ते इतकं वेगळं होतं की जुना कोड जसाच्या तसा त्यावर चालेना. ३१ डिसेंबर २०२१ ला जुन्याचा अधिकृत सपोर्ट संपला.

‘चालतंय ना, मग चालू दे’ हा आपला आवडता मंत्र मोबाइल ॲपच्या बाबतीत तर अजिबात लागू पडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या झामरिनचा सपोर्ट १ मे २०२४ ला संपला. त्याची शेवटची मजल अँड्रॉइड १४ पर्यंत. आणि गूगल प्ले स्टोअर दरवर्षी किमान आवृत्तीची अट वाढवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना अँड्रॉइड १५ ची अट लागली. म्हणजे झामरिनवरच्या ॲपमध्ये साधी स्पेलिंगची चूक दुरुस्त करून अपडेट टाकायचं म्हटलं, तरी दार बंद.

सध्या हाच प्रश्न फ्लटरबद्दल विचारला जातो. २०२४ मध्ये गूगलने केलेल्या कपातीत फ्लटर टीममधलेही लोक गेले, आणि ‘गूगल फ्लटर मारणार’च्या पोस्ट सुरू झाल्या. मला ही भीती थोडी अतिरंजित वाटते. फ्लटर बीएसडी लायसन्सखाली आहे आणि गूगल पेसारखं स्वतःचं ॲप गूगलने त्यावर बनवलंय. जी गोष्ट कंपनी स्वतः वापरते ती बंद करणं तिलाही महाग पडतं. ही हमी नाही, पण गिटहबवरच्या स्टार्सपेक्षा नक्कीच बरी खूण आहे. स्टार म्हणजे इन्स्टाचा लाइक. एकदा दिला की कुणी काढत नाही.

त्यापेक्षा शेवटची आवृत्ती कधी आली ते बघा. सुरक्षेची चूक सापडल्यावर दुरुस्ती किती दिवसांत आली ते बघा. गेल्या वर्षभरात कोड लिहिणारे किती जण होते आणि ते सगळे एकाच कंपनीचे पगारदार आहेत का, हेही. माणूस एकच असेल तर धोका वेगळाच. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या टूलमध्ये घातलेला चोरदरवाजा उघडकीस आला. ते टूल जवळपास एकटा माणूस सांभाळत होता, आणि त्याला मदत करायच्या निमित्ताने एकाने दोनेक वर्षं विश्वास कमावून आत शिरकाव केला होता. अशा प्रकल्पांना पैसा मिळावा म्हणून झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला. जगाच्या गरजेपुढे तो थेंबभर आहे, पण भारतातून आलाय हे विशेष.

आणि तुम्ही कोड लिहीत नसाल, फक्त तुमच्या क्लासचं किंवा दुकानाचं ॲप कुणाकडून बनवून घेत असाल, तर कोटेशनवर सही करण्याआधी त्याला इतकंच विचारा: कुठलं फ्रेमवर्क, कुठली आवृत्ती, तिचा सपोर्ट कुठल्या तारखेपर्यंत, आणि काम संपल्यावर सोर्स कोड व प्ले स्टोअरचं अकाउंट कुणाच्या नावावर. उत्तरं तोंडी नको, ईमेलवर मागा.