हलका संसार

लहान शिडाच्या नौकेवर दीर्घकाळ राहण्याचा विचार बहुतेक वेळा सामानाच्या यादीपासून सुरू होतो: सौर पॅनेल किती लावावीत, फ्रीज कोणता घ्यावा, पाण्याची टाकी केवढी असावी. ज्या नौकेला एकच हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारा एकच पोकळ देह असतो आणि जिच्या तळाशी नीरम, म्हणजे नौका उभी राहावी म्हणून मुद्दाम ठेवलेले वजन असते, तिला ही पद्धत बऱ्यापैकी मानवते. गोव्यात बांधलेल्या आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला नेलेल्या ‘म्हादेई’चे वजन सुमारे २३ टन आहे, अशा नौकेत दोन-तीनशे किलो सामान वाढले तर तिच्या चालीत फारसा फरक पडत नाही. सात-आठ मीटर लांबीच्या कॅटमरानची गोष्ट निराळी आहे. तिला नीरम नसते. दोन अरुंद हल एकमेकांपासून दूर बांधल्याने मिळणाऱ्या रुंदीवरच तिचे स्थैर्य उभे असते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील होडीला बाजूने जोडलेली उलांडी ज्या तत्त्वावर होडीला कलू देत नाही, तेच तत्त्व येथे दोन सारख्या हलांच्या रूपाने वापरलेले असते. त्यामुळे सामानाची यादी करण्याआधी ही नौका किती वजन पेलू शकते हे ठरवावे लागते, आणि पाणी, वीज, स्वयंपाक, नांगर यांचे सारे निर्णय त्या एका आकड्याच्या आत बसवावे लागतात.

हा आकडा काढणे अवघड नाही. उदाहरणादाखल, पाण्याच्या पातळीवर प्रत्येकी ७ मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद असे दोन हल घेतले आणि ते दोन्ही टोकांना निमुळते असल्यामुळे आयताच्या सत्तर टक्के क्षेत्र धरले, तर पाण्याला छेदणारे एकूण क्षेत्र ५.९ चौरस मीटरच्या आसपास येते. समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १०२५ किलो असते, म्हणजे ही नौका एक सेंटिमीटर खाली बसवायला साधारण ६० किलो वजन पुरते. दोन माणसे, महिनाभराचे पाणी, शिधा, बॅटऱ्या, नांगर, छोटी होडी, हत्यारे आणि पुस्तके मिळून ६०० किलो सहज होतात, आणि तेवढ्याने नौका दहा सेंटिमीटर बुडते.

दहा सेंटिमीटर हे अंतर कागदावर क्षुल्लक वाटते. ज्या कॅटमरानमध्ये दोन हलांना जोडणारा भाग बंदिस्त खोलीसारखा असतो, त्या भागाचा तळ आणि पाणी यांच्यामधली मोकळी जागा लहान नौकेत मुळात अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असते. ती घटली की समोरून येणारी लाट त्या तळावर हातोड्यासारखी आदळू लागते, भांडी खणखणतात, झोप लागत नाही आणि सांध्यांवर ताण येतो. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. जड झालेली कॅटमरान वाऱ्याच्या झोताने सहज पुढे सटकत नाही आणि एकहली नौकेसारखी कलून वारा सोडूनही देत नाही, त्यामुळे झोताचा सगळा जोर डोलकाठीच्या ताणदोऱ्यांवर आणि हलांना जोडणाऱ्या तुळयांवर पडतो. वजन कोठे ठेवले आहे यालाही तितकेच महत्त्व असते, कारण नौकेच्या मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात त्या वजनाचा डोलण्यावरचा परिणाम वाढतो: मध्यापासून एक मीटरवर ठेवलेल्या वस्तूपेक्षा नाळेजवळ, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाजवळ, चार मीटरवर ठेवलेली तीच वस्तू नौकेला सोळापट आळशी करते, आणि अशी नौका लाटेवर वर उचलली जाण्याऐवजी तिच्यात नाक खुपसते.

हे गणित सैद्धांतिक नाही, हे आधुनिक कॅटमरानच्या इतिहासावरून दिसते. फ्रेंच दर्यावर्दी एरिक द बिशप यांनी हवाईमध्ये बांधलेली ‘काइमिलोआ’ ही जोडहोडी १९३७-३८ साली तेथून फ्रान्समधील कान बंदरापर्यंत नेली. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन मँचेस्टरच्या जेम्स व्हॅरम यांनी ‘टांगारोआ’ नावाची केवळ २३ फूट ६ इंच लांबीची कॅटमरान स्वतः बांधली आणि १९५५-५६च्या सुमारास युटा शुल्त्से-रोनहोफ व रूथ मेर्सेबुर्गर या दोन जर्मन तरुणींसह तिच्यातून अटलांटिक ओलांडला. न्यूझीलंडमध्ये वाढलेले डॉक्टर डेव्हिड लुइस यांनी ‘रेहू मोआना’ या सुमारे ४० फुटी कॅटमरानवर पत्नी आणि दोन लहान मुलींसह १९६४ ते १९६७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. कॅटमरानने केलेली ती पहिली प्रदक्षिणा मानली जाते. या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र रॉरी मॅकडूगल यांचे आहे. व्हॅरम यांच्या ‘टिकी २१’ या आराखड्यावरून, म्हणजे अवघ्या २१ फूट लांबीची नौका स्वतः बांधून, ते १९९१ साली निघाले आणि १९९७ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. या नौकेच्या हलांमध्ये माणूस बसू शकतो, उभा राहू शकत नाही. हलांमधले छप्पर उंच करण्याऐवजी व्हॅरम यांनी दोन हलांमधली मोकळी फळ्यांची ओटी हीच राहण्याची खरी जागा मानली. नांगर टाकल्यावर तिच्यावर तंबू उभारायचा, आणि लाट आली तर पाणी फळ्यांच्या फटींतून खाली निघून जाऊ द्यायचे. उष्ण कटिबंधात ही व्यवस्था बंद केबिनपेक्षा सुखाची ठरते. जाहिरातींतल्या सजवलेल्या दिवाणखान्यांना भुललेल्या खरेदीदारांना मात्र ती क्वचितच पटते.

पाणी हा वजनाच्या हिशेबातला सर्वांत मोठा खर्च. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी रोज चार लिटर धरले तर दोघांना तीस दिवसांसाठी २४० लिटर, म्हणजे २४० किलो, म्हणजे वर दिलेल्या नौकेची चार सेंटिमीटर खोली एवढ्यातच जाते. यावर उलट अभिसरणाचे यंत्र हा उपाय आहे. अर्धपार्य पटलाच्या एका बाजूला खारे आणि दुसऱ्या बाजूला गोडे पाणी असेल तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे झिरपते. ही झिरप रोखायला लागणारा दाब, म्हणजे अभिसरणदाब, समुद्राच्या पाण्याबाबत साधारण २७ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सत्तावीस पट असतो. खाऱ्या पाण्यावर त्याहून बराच अधिक, प्रत्यक्षात ५५ बारच्या आसपास, दाब दिला की प्रवाह उलटतो आणि मीठ मागे ठेवून गोडे पाणी पलीकडे येते. बारा व्होल्टवर चालणारे लहान यंत्र चार अँपिअर विजेत ताशी पाच-साडेपाच लिटर पाणी देते, म्हणून दोघांच्या रोजच्या आठ लिटरला दीड तास आणि साधारण ७० वॉट-तास वीज पुरते. मग सोबत घेण्याचे पाणी शंभर लिटरवर आणता येते. मात्र बंदरातल्या पाण्यावरचा तेलाचा तवंग आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन हे दोन्ही पटलाचा नाश करतात, आणि यंत्र काही दिवस बंद ठेवायचे असेल तर पटल रसायनात भिजवून ठेवावे लागते. म्हणून यंत्र असले तरी शिल्लक पाणी एकाच टाकीत न ठेवता दोन-तीन वेगळ्या डब्यांत विभागून ठेवणे शहाणपणाचे.

पावसाचे पाणी हा याहून जुना आणि बिनवजनाचा मार्ग आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आठ चौरस मीटरच्या ओटीवरील छतावर दहा मिलिमीटरची एक सर आली तर ८० लिटर. पहिली काही मिनिटे कापडावरचे मीठ धुऊन जाऊ द्यावे लागते, एवढेच. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळण्याची बचत चालते, पण कपड्यांना ती चालत नाही: कापडात उरलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात धुतलेली चादर कधीच पुरती वाळत नाही, आणि तिच्यावर झोपणाऱ्याच्या अंगावर पुरळ येते.

विजेच्या बाबतीत गेल्या दोन दशकांतल्या बदलांनी लहान नौकेला मोठा आधार दिला आहे. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे सुमारे एक किलोवॉट-तास वीज वापरायची तर बॅटऱ्यांचे पन्नास किलो वजन वाहावे लागते. लिथियम लोह फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीतून ऐंशी-नव्वद टक्के वीज निर्धास्त काढता येते आणि तेवढ्याच वापरासाठी तिचे वजन १२ किलोच्या आसपास भरते. तिची पथ्ये वेगळी आहेत: शून्य अंश सेल्सिअसखाली ती भारित करू नये, आणि ती इंजिनच्या जनित्रातून एवढी वीज खेचते की मध्ये नियंत्रक नसेल तर जनित्र तापून जळू शकते.

उष्ण कटिबंधात आडव्या बसवलेल्या १०० वॉटच्या पॅनेलपासून स्वच्छ दिवसाला ३०० ते ४०० वॉट-तास मिळतात. तीन पॅनेलांतून हजारभर. त्यातून चांगल्या उष्णतारोधनाचा लहान फ्रीज पाचशेच्या आसपास घेतो. दिवे, पंप, नौकानयनाची उपकरणे आणि फोन मिळून तीनशेपर्यंत जातात. जल-यंत्राचे सत्तर आधीच सांगितले. येथवर हिशेब जुळतो. तो मोडतो तो उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या इंटरनेटमुळे, कारण त्याची लहानात लहान थाळीही २५ वॉटच्या आसपास वीज घेत अहोरात्र चालू ठेवली तर फ्रीजपेक्षा जास्त खाते. नौकेवर बसून संगणकावर काम करणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांच्यासाठी हा खर्च अटळ आहे, पण निव्वळ करमणुकीसाठी ती थाळी चोवीस तास चालू ठेवणे म्हणजे फ्रीजच्या गारव्यावर पाणी सोडणे आहे. पॅनेलांबाबत आणखी एक सावधगिरी लागते: हलकी, वाकणारी पॅनेल थेट छतावर चिकटवली की खालून हवा न मिळाल्याने ती तापतात, वीज कमी देतात आणि लवकर खराब होतात.

सुकाणू धरण्याचे काम विजेवर सोपवायचे की नाही, हाही याच हिशेबाचा भाग. विद्युत सुकाणूयंत्र समुद्रात रात्रंदिवस चालले तर चारशे-साडेचारशे वॉट-तास घेते. त्याऐवजी शिडाच्या दोरीचा ताण कप्प्यांवरून सुकाणूच्या दांड्याला देऊन विरुद्ध बाजूने रबरी नळीचा ओढा बसवला, तर वारा वाढताच दोरी सुकाणू ओढते आणि वारा घटताच रबर ते परत नेते. विजेचा एक कणही लागत नाही, बसवायला मात्र चिकाटी लागते.

स्वयंपाकात कॅटमरानला एक नैसर्गिक लाभ आहे: ती फारशी कलत नसल्यामुळे झुलती शेगडी लागत नाही. एलपीजी मात्र हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास हलाच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने पेटतो, म्हणून सिलिंडर केबिनपासून तोडलेल्या, तळाला बाहेर उघडणारे भोक असलेल्या कप्प्यातच हवे. इंधन आणि पाणी दोन्ही वाचवणारे उपकरण म्हणून प्रेशर कुकरची बरोबरी दुसरे काही करत नाही. भारतीय घरातला डाळ-तांदळाचा शिधाही वजनाच्या मानाने पोषक असून तो डबाबंद अन्नासारखा पत्र्याचे आणि पाण्याचे ओझे वाढवत नाही. शौचालयासाठी मैला साठवण्याची टाकी जड आणि दुर्गंधीची. मूत्र वेगळे करणारे कोरडे शौचालय लहान नौकेला अधिक सोयीचे, मात्र ते रिकामे करण्याची शिस्त सर्वांना पाळावी लागते.

नांगराची गणना सुखसोयींमध्ये करणे विचित्र वाटेल, परंतु रात्रीची निश्चिंत झोप त्याच्यावरच अवलंबून असते. आठ मिलिमीटरच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे १.४ किलो असते, म्हणजे पन्नास मीटर साखळी ७० किलोची होते आणि तीही नाळेजवळ, जेथे वजन सर्वांत घातक. पंधरा मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर घेतल्यास हे वजन पंचवीस किलोवर येते, आणि ताणला जाणारा नायलॉन झोतांचे धक्केही शोषून घेतो. प्रवाळाच्या तळावर मात्र दोर कापला जातो, तेथे साखळीला पर्याय नाही. दोन्ही हलांच्या नाळांपासून एकेक दोर आणून नांगराच्या दोराला जोडला की नौका डावी-उजवीकडे भरकटण्याचे थांबते.

अशा नौकेचे सर्वांत मोठे स्वावलंबन तिच्या उथळपणात आहे. अर्धा मीटर पाण्यात तरंगणारी कॅटमरान भरतीला वाळूवर आणली की ओहोटीत ती दोन्ही हलांवर सरळ उभी राहते आणि गोदीचे भाडे न भरता तळ खरवडता येतो, रंगवता येतो, सुकाणूची दुरुस्ती करता येते. कोकणातील होड्या वर ओढताना उधाण-भांगाचा, म्हणजे मोठ्या आणि लहान भरत्यांच्या चक्राचा, जो हिशेब ठेवला जातो तोच येथेही लागतो, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या अगदी माथ्यावर वर चढलेल्या नौकेला पुढच्या भरत्या ठेंगण्या मिळत जातात, आणि भांग सरून पुढचे उधाण येईपर्यंत पंधरा दिवस वाळूतच काढावे लागतात. भरती उतरतीला लागलेली असताना वर चढायची वेळ आलीच, तर मालक टाक्यांतले पाणी जसेच्या तसे ठेवून आत येतात, आणि बाहेर पडताना ते ओतून देऊन नौका दोन सेंटिमीटर उचलून घेतात.