ओर्काचं तळं आणि पोलादी लाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात एखाद-दुसरं घर सोडलं, तर प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आखातात आहे. माझी लेक आणि जावई अबू धाबीला असतात. गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर त्यांच्याकडे होतो. माझी नात सात वर्षांची. एका रविवारी ती मला यास बेटावरच्या 'सीवर्ल्ड'मध्ये घेऊन गेली. घेऊन गेली असंच म्हणायला हवं, कारण पुढे ती आणि मागे आम्ही, अशीच आमची वरात होती.

बाहेर वाळवंट आणि आत समुद्र. सगळं छपराखाली. पेंग्विन पाहिले, डॉल्फिन पाहिले, काचेपलीकडून शार्क गेले. नातीच्या घरच्या चित्रांच्या पुस्तकात मुखपृष्ठावरच एक काळा-पांढरा, मोठा, हसरा मासा आहे. तो काही दिसेना. तिनं विचारलं, ''नाना, तो काळा-पांढरा मासा इथं का नाही?'' मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी बी. ए. झालो तो मराठी साहित्य घेऊन. सागरी प्राण्यांशी माझा संबंध ताटातला किंवा कवितेतला. पण नातीचा प्रश्न टाळता येत नाही. घरी परतल्यावर मी वाचत गेलो आणि एका प्राण्याच्या नसण्यामागे केवढी मोठी हकिकत आहे, हे कळत गेलं. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

हा काळा-पांढरा प्राणी म्हणजे ओर्का. इंग्रजीत त्याला किलर व्हेल म्हणतात, पण तो खरा डॉल्फिनच्या कुळातला. त्या कुळातला सर्वांत मोठा. मासा तर नाहीच. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो आणि कुटुंबानं राहतो. काही समुद्रांत ओर्काचे मुलगे आयुष्यभर आईची सोबत सोडत नाहीत. एका दिवसात शंभराहून अधिक किलोमीटर पोहण्याची त्याची ताकद.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरी १९६४ साली पहिलं सीवर्ल्ड सुरू झालं. चार पदवीधर मित्रांनी ते काढलं. गंमत अशी, की त्यांच्या मनात मुळात पाण्याखालचं उपाहारगृह काढायचं होतं. ते जमेना, म्हणून सागरी उद्यान काढलं. पुढच्याच वर्षी तिथं शामू नावाची ओर्का मादी आली आणि उद्यानाचं नशीब पालटलं. शामू १९७१ साली मेली, पण तिचं नाव मरू दिलं नाही. नंतर आलेल्या ओर्कांनाही खेळाच्या वेळी शामूच म्हणत. प्राणी बदलत राहिले, नाव तेच राहिलं. १९७३ साली फ्लोरिडातल्या ओरलँडोला आणि १९८८ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला अशीच उद्यानं निघाली. विस्तार करायचा म्हणजे नवं तळं बांधायचं आणि त्यात नवा प्राणी आणायचा, हा तेव्हाचा सरळ हिशेब होता.

तो हिशेब २०१० साली चुकला. २४ फेब्रुवारीला ओरलँडोत तिलिकम नावाच्या नर ओर्कानं आपल्या प्रशिक्षिकेला पाण्यात ओढलं आणि तिचा जीव गेला. तिलिकमला १९८३ साली आइसलँडजवळ पकडलं, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. पुढचं सारं आयुष्य त्यानं तळ्यांतच काढलं. २०१३ साली त्याच्यावर 'ब्लॅकफिश' नावाचा माहितीपट आला. लोक अस्वस्थ झाले. तोवर टाळ्या वाजवणारे प्रेक्षक विचारू लागले, की एवढा प्राणी एवढ्या पाण्यात कसा राहतो? ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीच्या समभागाची किंमत एका दिवसात सुमारे एक तृतीयांशानं घसरली.

त्याच आठवड्यात कंपनीनं विस्ताराची मोठी योजना जाहीर केली. तिचं नाव 'ब्लू वर्ल्ड'. सॅन डिएगोच्या ओर्कांसाठी जवळजवळ दुप्पट मोठं तळं बांधायचं. त्यात एक कोटी गॅलन, म्हणजे पावणेचार कोटी लिटरहून अधिक पाणी आणि सुमारे पन्नास फूट खोली. लोकांना वाटतं ना तळं लहान आहे, मग मोठं करू, असा तो विचार. पण समुद्रकिनाऱ्यावर बांधकाम करायचं तर तिथल्या किनारा आयोगाची परवानगी लागते. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोगानं परवानगी दिली, पण अट घातली, की या तळ्यात ओर्कांची पैदास करायची नाही. म्हणजे तळं बांधा, पण पुढची पिढी त्यात जन्माला घालू नका. आधी कंपनी या अटीविरुद्ध कोर्टात गेली. मात्र मार्च २०१६ मध्ये तिनं स्वतःच जाहीर केलं, की आता आमच्या कुठल्याच उद्यानात ओर्कांची पैदास होणार नाही. आहेत तीच शेवटची पिढी. ब्लू वर्ल्डचा आराखडा गुंडाळला गेला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं पैदासबंदीचा कायदाही केला. तिलिकम ६ जानेवारी २०१७ रोजी मेला.

अबू धाबीच्या उद्यानाची घोषणा डिसेंबर २०१६ मधली, म्हणजे या निर्णयानंतरची. ते ओर्काशिवायचं पहिलं सीवर्ल्ड असेल, असं तेव्हाच सांगितलं होतं. नातीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

पण इथं दुसरा प्रश्न उभा राहतो. उद्यान तर चालवायचं आहे. लोकांनी दरवर्षी पुन्हा यावं, म्हणून दरवर्षी काहीतरी नवं हवं. नवा ओर्का आणायचा नाही, नवं तळं बांधायचं नाही, मग नवं काय? याचं उत्तर निघालं रोलर कोस्टर. आपल्या जत्रेतल्या पाळण्याचा हा धिप्पाड वंशज.

२०१६ साली ओरलँडोत 'माको' आला. माको हे एका वेगवान शार्कचं नाव. दोनशे फूट उंची आणि ताशी सुमारे ११७ किलोमीटर वेग. २०१८ साली सॅन डिएगोत 'इलेक्ट्रिक ईल' आला, तिथंच २०२२ साली 'एम्परर' आला. २०२३ साली ओरलँडोत 'पाइपलाइन' नावाचा कोस्टर आला. त्यात माणसं लाटेवरच्या फळीवर उभं राहावं तशी उभी असतात आणि त्यांची आसनं वरखाली होतात. २०२४ चा 'पेंग्विन ट्रेक' तुम्हाला फिरवून शेवटी खऱ्या पेंग्विनांच्या दालनापाशी सोडतो. २०२५ साली आलेल्या 'एक्स्पिडिशन ओडिसी'त तर आसन पडद्यासमोर झुलतं आणि उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशाचं खरं चित्रीकरण दाखवलं जातं. नावं बघा, शार्क, ईल, पेंग्विन. ज्यांना पाण्यात ठेवत होते, त्यांची नावं आता लोखंडाला दिली आहेत.

हे कोस्टर चालतात कसे, हेही मी समजून घेतलं. जुन्या पद्धतीत साखळी डब्याला उंचावर ओढून नेते आणि तिथून सोडून देते. पुढे सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. पहिला चढ सर्वांत उंच, कारण तिथं कमावलेली ऊर्जाच पुढच्या वळणांना पुरवायची असते. घर्षणात थोडी थोडी खर्च होते, म्हणून पुढचे चढ उतरत्या क्रमानं. नव्या पद्धतीत रुळांतल्या विद्युतचुंबकांकडून डब्याला एकदम ढकललं जातं. इलेक्ट्रिक ईल या जातीचा. चढायला लांब उतार लागत नाही, त्यामुळे थोड्या जागेत मोठा थरार बसवता येतो.

उंचीलाही बंधन आहे. सॅन डिएगोच्या मतदारांनी १९७२ साली ठरवलं, की किनारपट्टीवर तीस फुटांपेक्षा उंच बांधायचं नाही. समुद्र सगळ्यांना दिसला पाहिजे. १९९८ साली पुन्हा मतदान होऊन सीवर्ल्डपुरती १६० फुटांपर्यंत सूट मिळाली. एम्परर १५३ फूट उंच आहे, तो यामुळेच. शहरातल्या साध्या मतदारानं पाळण्याची उंची ठरवावी, ही गोष्ट मला फार आवडली.

तुम्ही म्हणाल, प्राण्याच्या जागी यंत्र आलं, बरंच झालं की! बरं झालंच. पाळणा रात्री बंद करता येतो. त्याला भूक लागत नाही, तो आईला शोधत नाही, जुना झाला तर भंगारात काढता येतो. ओर्का पन्नास वर्षं जगू शकतो. मालकाचं दिवाळं निघालं, लोकांची आवड बदलली, म्हणून त्याला बंद करून ठेवता येत नाही. नुसता समुद्रात सोडावा तर तळ्यात वाढलेल्याला शिकार कोण शिकवणार? म्हणून विस्ताराचा निर्णय घेताना खरा फरक पैशाचा नसून मागे फिरता येण्याचा आहे, असं मला वाटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. किनाऱ्यावर अडकलेले, जखमी झालेले चाळीस हजारांहून अधिक प्राणी आपण सोडवले, असं ही कंपनी सांगते. आणि काचेपलीकडचा मासा पाहून मुलाचा जीव समुद्रावर जडतो, हे खोटं नाही. लहानपणी अब्बांनी मला मुंबईला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. आम्ही बंदरावरची माणसं, मासळी रोज बघणारी. पण टोपलीतली मासळी निराळी आणि पोहणारा मासा निराळा, हे मला तिथं कळलं. अब्बा एका काचेसमोर इतका वेळ उभे राहिले, की रखवालदारानं त्यांना पुढे व्हायला सांगितलं.

अबू धाबीतलं उद्यान मे २०२३ मध्ये उघडलं. तिथल्या एकट्या मोठ्या टाकीत अडीच कोटी लिटर पाणी आहे. माझा जावई एसीच्या कामातला. त्यानं मला पेंग्विनांपेक्षा पेंग्विनांच्या मागची यंत्रणा समजावून सांगितली. बाहेर उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि आत बर्फ राहायला हवा. खारं पाणी सतत फिरवायचं, वाळूतून गाळायचं, हवेचे बुडबुडे सोडून त्यातली घाण फेसाबरोबर काढायची, ओझोननं जंतू मारायचे, गार करायचं आणि पुन्हा टाकीत सोडायचं. हे रात्रंदिवस. समुद्र जे फुकट करतो, त्यासाठी इथं केवढी वीज आणि किती माणसं! ''अब्बा, पाळणा बंद पडला तर लोक ओरडतील,'' जावई म्हणाला, ''पण चिलर बंद पडला तर प्राणी मरतील.'' इंजिनिअरच्या भाषेत त्यानं माझं सगळं भाषण दोन वाक्यांत सांगून टाकलं.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण हा प्रश्न आपल्या दारात येऊन गेला आहे. माझ्या जावयाचं घर मालवण तालुक्यातलं. त्याच तालुक्यात तोंडवळी-वायंगणी इथं 'सी वर्ल्ड' उभारायची योजना वर्षानुवर्षं गाजली. सुरुवातीच्या आराखड्यात हजाराहून अधिक एकर जमीन धरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला, मग क्षेत्र कमी करायची भाषा झाली आणि प्रकल्प रखडला. तिथली तरुण पोरं मला म्हणायची, काका, झालं असतं तर आम्हाला परदेशी जावं लागलं नसतं. त्यांच्या आया म्हणायच्या, बागायत गेली तर खायचं काय? दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होती.

दरम्यान मे २०१३ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याकडून डॉल्फिनच्या खेळांची उद्यानं देशात उभारू देऊ नयेत, असं राज्यांना कळवलं गेलं. हे प्राणी अत्यंत बुद्धिमान आणि संवेदनशील आहेत, असं कारण त्यात दिलं होतं. म्हणजे अमेरिका ज्या वळणावर पन्नास वर्षांनी पोहोचली, तिथं आपण तळं खणण्याआधीच पोहोचलो. याचा मला अभिमान वाटतो.

आता सिंधुदुर्गात वेगळ्या दिशेच्या योजना निघतात. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका २०२५ साली पर्यटन महामंडळाकडे आली, ती निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवायची आणि लोकांना पाण्याखाली नेऊन दाखवायची, ही त्यांतलीच एक. समुद्र माणसाकडे आणण्याऐवजी माणूस समुद्राकडे नेण्याची ही कल्पना आहे. तिच्यातही प्रश्न आहेतच. मासेमारीला अडथळा होईल का, बोटींची गर्दी किती होऊ द्यायची? उद्या आपल्या किनाऱ्यावर कोणतीही योजना आली, तरी तीन गोष्टी आधी विचारा. जमीन कोणाची जाणार? पाण्याचं काय होणार? आणि धंदा बुडाला, तर मागे उरलेल्या जिवंत प्राण्याचं कोण करणार?

एप्रिलअखेरीस नात सुट्टीत आली, तेव्हा तिला मालवणच्या बाजूला होडीतून नेलं. आपल्या किनाऱ्यावर डॉल्फिन राहतात, तिकीट लागतं ते फक्त होडीचं. तासभर फिरलो. काही दिसलं नाही. होडीवाला म्हणाला, ''आज काय ते येवचे नाय.'' नात खट्टू झाली. मग जरा वेळानं म्हणाली, ''त्यांना सुट्टी असेल का नाना?''

मी म्हटलं, ''हो, इथं त्यांना सुट्टी मिळते.'' मग दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या होडीचे पैसे देऊन आम्ही घरी आलो.