पिनो न्वार: फिका रंग, थंड उतार आणि काही गैरसमज

कॅबर्ने किंवा शिराज पिणाऱ्यासमोर पिनो न्वार ओतली की पहिली शंका रंगावरच येते. पेल्याच्या पलीकडची बोटं दिसतात, म्हणजे ही वाइन पातळ, बेताची असणार. प्रत्यक्षात रंगाचा आणि कसाचा इथे संबंध नाही. काळ्या द्राक्षाचा रसही रंगहीनच असतो, रंग उतरतो तो सालीतून. पिनोची साल पातळ, तिच्यात रंगद्रव्य कमी, आणि इतर काळ्या जातींत रंग टिकवून धरणारी अ‍ॅसिलेटेड अँथोसायनिन पिनोत जवळपास नसतातच. मद्यार्क मात्र बहुतेक लाल वाइनइतकाच, साधारण १२.५ ते १४ टक्के. शॅम्पेनमध्ये तर याच द्राक्षाचा रस सालीपासून लगेच वेगळा काढून त्याची पांढरी वाइन करतात.

थंडीबद्दलचा गैरसमज जास्त खोल आहे. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, मग तिथे पिनो का होऊ नये, असं कुणालाही वाटेल. पण पिनोला हवी असते ती कडाक्याची रात्र नव्हे, तर संथ उन्हाळा. तिच्या वाढीच्या सात महिन्यांचं सरासरी तापमान १४ ते १६ अंशांच्या आसपास असावं लागतं. नाशिकचा जानेवारीसुद्धा, रात्रीची थंडी धरून, सरासरीने त्याहून उबदार. शिवाय आपल्याकडे वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही, म्हणून तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. फ्रान्समधल्या बरगंडीत, बोन गावाच्या आसपास, वेल पूर्ण हिवाळा पानं गाळून विश्रांती घेते, एप्रिलमध्ये फुटते, जूनमध्ये फुलोऱ्यावर येते आणि त्यानंतर सुमारे शंभर दिवसांनी, बहुधा सप्टेंबरात, काढणीला येते. जूनमध्ये तिथे जवळजवळ १६ तास उजेड असतो. ऊन भरपूर, पण सौम्य; त्यामुळे साखर भरत असताना आंबटपणा आणि सुगंध टिकून राहतात. पिनो लवकर पिकणारी जात आहे. उष्ण प्रदेशात ती इतक्या घाईने पिकते की साखर तयार होते आणि सुगंध मागेच राहतो.

हे फक्त बरगंडीतच जमतं असंही नाही. डेव्हिड लेट यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनच्या डंडी टेकड्यांवर पिनो लावली, तेव्हा जाणकारांनी तो भाग या पिकाला फार थंड ठरवला होता. त्यांची १९७५ सालची वाइन १९७९ च्या पॅरिसमधल्या स्पर्धेत चमकली आणि पुढच्याच वर्षी बरगंडीत झालेल्या फेरचाचणीत दुसरी आली. ती फेरचाचणी घेणाऱ्या द्रुएँ घराण्याने १९८७ मध्ये ओरेगनमध्ये स्वतःच जमीन घेतली.

‘हाताने जोपासलेली बाग’ हे शब्द बाटलीवर नुसते शोभेला असतात, असं अनेकांना वाटतं. काही ठिकाणी तसं असेलही, पण बरगंडीच्या उतारांवर हे खरंखुरं कष्टाचं काम आहे. तिथे हेक्टरी सुमारे १०,००० वेली असतात, म्हणजे एकरी ४,०००. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी हजारही बसत नाहीत. हिवाळ्यात माणूस प्रत्येक वेलीपुढे वाकतो, सात-आठ डोळ्यांची एकच चांगली काडी ठेवतो, खाली पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांचा खुंट राखतो आणि बाकी सगळं कापून टाकतो. खुंट चुकीचा निवडला तर त्याचा परिणाम पुढच्या हंगामात दिसतो. पिनोचा घड इतका गच्च असतो की मणी एकमेकांना दाबून फोडतात. ऐन काढणीत पाऊस आला की आतून करडी बुरशी धरते. म्हणून सकाळच्या उन्हाकडची पानं हाताने काढून घडाला वारा देतात आणि काढणीच्या वेळी कुजलेला भाग कात्रीने वेगळा करतात. सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांत उत्पादनाची कायदेशीर मर्यादा साधारण हेक्टरी ३५ हेक्टोलीटर असते, म्हणजे एका वेलीमागे अर्धी बाटलीही नाही. किंमत बरीचशी इथेच ठरते.

मात्र हाताने म्हणजे सेंद्रिय, असं समजू नये. केवडा आणि भुरी तिथेही येतात, आणि सेंद्रिय बागेतसुद्धा गंधक आणि बोर्डो मिश्रण फवारतात. लहान म्हणजे उत्तम, हेही खरं नाही. क्लो द वूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा, भिंतीने वेढलेला मळा आज वाटण्या होत होत जवळपास ८० मालकांत विभागला आहे. सगळ्यांच्या बाटलीवर नाव तेच, पण दर्जात मोठी तफावत. मळ्याआधी करणाऱ्याचं नाव पाहावं, हे माझं ठाम मत.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला आपल्या खोल्यांसाठी नाही. पिनो १४ ते १६ अंशांना चांगली लागते. आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी.

हवामान तापतंय म्हणजे थंड प्रदेशातल्या बागांना आता दंव-गारठ्याची भीती उरली नाही, हा समज अलीकडचा आहे. बोनच्या काढणीच्या १३५४ पासूनच्या नोंदी अभ्यासकांनी जुळवल्या, त्यात १९८८ नंतरची काढणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस लवकर होते आहे. उबदार मार्चमुळे डोळेही लवकर फुटतात आणि एप्रिलच्या एखाद्या रात्री तापमान शून्याखाली गेलं की कोवळा फुटवा जळतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये नेमकं हेच घडलं. रात्रभर ओळींमध्ये पॅराफिनच्या मेणबत्त्या पेटवूनही बरंच पीक गेलं. म्हणून काही बागायतदार छाटणी आता मुद्दाम मार्चपर्यंत लांबवतात, कारण उशिरा छाटलेल्या काडीचे डोळे काही दिवस उशिरा फुटतात.