परसातल्या तंबाखूवर ठिपके, धोका मिरचीला



धरणगाव तालुक्यातल्या एका सभासद भाऊंनी काल फोटो टाकला. परसात भरताच्या वांग्यांच्या कडेला तंबाखूची चार झाडं, पानांना भोकं, ठिपके. "काय मारू?" तंबाखू हे पीक निपाणीकडचं. आपल्या कापूस-केळीच्या मुलखात अशी चार-दोन झाडंच, तीही बहुतेक काढा करून माव्यावर फवारायला.

भोकं पाडणारी अळी तुमच्या ओळखीची आहे. स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूची पानं खाणारी अळी. नाव तंबाखूचं, पण कापूस, सोयाबीन, एरंडीलाही सोडत नाही. दिवसा लपते, रात्री खाते. सकाळी पान उलटून बघा. तपकिरी केसांनी झाकलेली अंडी किंवा बारक्या अळ्यांचा घोळका दिसला की ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. चार झाडांना एवढं पुरे.

गोल तपकिरी ठिपका, मधे पांढुरका, तोही खालच्या पानांवर असेल तर ती बुरशी. ती पानं काढून जाळा. पाणी बुडाशी द्या, पानांवर नको.

पण मला भीती वाटली ती तिसऱ्याच गोष्टीची. एका झाडाची कोवळी पानं गडद-फिकट हिरवी, चट्ट्याचट्ट्यांची, सुरकुतलेली होती. ही मोझॅक विषाणूची लक्षणं. यावर औषध नाही, दुकानदार काहीही देवो. झाड मुळासकट उपटा. हा रोग माव्याने नाही, हाताने पसरतो. हात, विळा, कपडे. वाळलेल्या तंबाखूतही हा विषाणू वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे चुना-तंबाखू मळलेल्या हाताने रोप लावलं तरी मिरची-टोमॅटोला लागण होऊ शकते. लागवडीआधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा. काहींना राग येईल, माहीत आहे. आमच्या घरातही येतो.

आता काढ्याचं. निकोटीनने मावा मरतो, खरंय. पण ते आपल्या कातडीतूनही अंगात जातं. तंबाखूची ओली पानं तोडताना मळमळतं, चक्कर येते, ती त्यामुळेच. निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक वापरायला देशात बंदी आहे. मग तेच निकोटीन घरी उकळून पोराबाळांच्या ताटातल्या वांग्यावर कशाला? माव्याला निंबोळी अर्क मारा. 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला, संध्याकाळी फवारा.

फोटो पाठवताना पानाची वरची आणि खालची, दोन्ही बाजू उजेडात काढा. भाऊंनी फक्त वरची काढली होती, पुन्हा मागवावी लागली.