गार्ड काढलेला ग्राइंडर

हाताला बँडेज बांधून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ हा. ग्राइंडरने बोट कापलं, ड्रिलमध्ये बाही गुंडाळली गेली, मार्बल कटर उसळून मांडीवर आला, तरी प्रश्न तोच आणि विचारणाऱ्याने मनाशी ठरवलेलं उत्तरही तेच: वेंधळेपणा. अशा फजितीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, लोक हसतात, पुढे पाठवतात. त्यांतल्या कित्येक करामती खरोखरच अचाट असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘लक्ष कुठं होतं’ हा प्रश्न तपासाला सुरुवात करून देण्याऐवजी तपासच संपवतो. माणूस आहे म्हणजे लक्ष हटणार. ते कधीच हटणार नाही असं गृहीत धरून हत्यार वापरायचं, कामाचे दर ठरवायचे आणि दुकान मांडायचं, खरा मूर्खपणा हा आहे. आणि तो बहुतेक वेळा जखमी माणसाच्या एकट्याचा नसतो.

गल्लीबोळातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दिसणारा चार इंची ग्राइंडर घ्या. मोकळा चालताना तो मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. चार इंची चकतीचा घेर सुमारे 31 सेंटिमीटर. म्हणजे तिच्या कडेवरचा कण ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असतो. काहीतरी बिनसलंय हे डोळ्याला दिसून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. तेवढ्यात चकतीचे पस्तीसेक फेरे झालेले असतात. कापताना पत्र्याची चीर मिटली आणि चकती तिच्यात आवळली गेली, तर मोटरचा सगळा जोर हत्याराला मागे फेकतो. कारागीर म्हणतात, ‘ग्राइंडरने झटका मारला.’ हा झटका लक्ष देऊन चुकवता येत नाही, कारण लक्षाचं काम सुरू होईपर्यंत यंत्राचं काम उरकलेलं असतं. अशा वेळी उपयोगी पडतात त्या आधीच जागेवर असलेल्या गोष्टी: चकतीवरचा गार्ड, बाजूची मूठ आणि उभं राहण्याची जागा.

आणि गार्ड व मूठ याच दोन गोष्टी सर्वांत आधी काढल्या जातात. का, ते बघण्यासारखं आहे. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात शिरताना गार्ड आडवा येतो. चार इंची चकती झिजून लहान झाली की जाड पाइप पुरा कापत नाही, म्हणून मोठी चकती बसवायची असते, आणि ती गार्ड असताना बसत नाही. मग भोक जुळवायला वॉशर घालून सात इंची चकतीही चार इंची मशीनवर चढते. तिच्यावर छापलेली मर्यादा असते सेकंदाला 80 मीटर, म्हणजे सुमारे 8,500 फेरे. चार इंची मशीन तिला 11,000 वर नेतं, कडेचा वेग 104 मीटरच्या आसपास जातो. वेग सव्वापटीने वाढला, एवढंच वाटेल. पण चकतीला बाहेर ओढून फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. तो जवळपास 1.7 पट होतो. चकती फुटली तर तिचे तुकडे अडवणारा गार्ड आधीच काढून टूलबॉक्सच्या तळाशी गेलेला असतो. सुताराचं गणितही असंच. मार्बल कटर हे फरशी कापायचं हत्यार; त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड लावायचं, ते उलटं करून प्लायवूडच्या फळीखाली स्क्रूने आवळायचं, फळीला चीर पाडून ब्लेड वर काढायचं, की झाला करवतीचा टेबल! हे जुगाड सुबक असतं, काप सरळ येतो आणि हजारो रुपये वाचतात. फक्त ब्लेड आणि बोट यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

विजेची तऱ्हा तर खास आपली. साइटवर तीन पिनांचं सॉकेट नसतं किंवा मशीनचा प्लग कधीच तुटलेला असतो. मग वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करायची. बटण सतत दाबून अंगठा दुखतो म्हणून ते लॉक केलेलं असतं. मध्येच लाइट जाते. मशीन बंद पडतं, माणूस ते तसंच जमिनीवर ठेवून चहाला जातो. लाइट आली की ग्राइंडर आपोआप सुरू होतो आणि फरशीवर थयथयाट करतो. तो धरायला धावतो तो जवळचा पोऱ्या. यात लक्ष कुणाचं नव्हतं? पोऱ्याचं तर नक्कीच होतं. लाइट परत आली तरी बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारी मशीन बाजारात मिळतात, पण ती महाग असतात.

काळजी घेऊनही अपघात होतो, याचं हातमोज्याइतकं चांगलं उदाहरण नाही. पत्र्याची धार लागू नये म्हणून माणूस जाड सुती हातमोजे घालतो आणि तेच घालून ड्रिल मशीनसमोर उभा राहतो. फिरत्या बिटाने मोज्याचा एक धागा धरला की मोजा गुंडाळला जातो आणि मोज्यासोबत बोटंही. उघडा हात निसटला असता. इथं काळजी पुरेपूर होती, कमी होती ती माहिती. मोजे देणाऱ्याने ‘ड्रिलवर घालू नको’ एवढं सांगितलेलं नसतं.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा. ‘वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही.’ हे खरं असतं, आणि म्हणूनच घातक. अनुभवाने हात सफाईदार होतो, पण वर सांगितलेला सेकंदाचा पाचवा हिस्सा तसाच राहतो. शिवाय गार्डशिवाय सुखरूप पार पडलेला प्रत्येक काप ‘गार्डची गरज नाही’ हा धडा पक्का करत जातो. त्यात काम फुटावर किंवा नगावर असेल, तर गार्ड फिरवायला लागणारं अर्धं मिनिट थेट मजुरीतून जातं. गार्ड बसवण्याची शिक्षा रोज मिळते. न बसवण्याची मिळते ती एकदाच. या हिशेबात शहाणा माणूसही गार्ड काढेल.

यंत्रालाच शहाणं केलं तर काय होतं, हे शेतीने दाखवलंय. कडबा कुट्टीत वैरण सरकवताना हात रोलरमध्ये ओढले जात, रिकामं फिरणारं चाक खेळणं समजून हात घालणारी मुलं बोटं गमावत. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत या जखमांचा अभ्यास केला. शेतकऱ्याला सावधगिरीचे धडे देत बसण्याऐवजी त्यांनी यंत्रातच बदल सुचवले: पात्यावर आवरण, चाकाला अडकवायची खीळ, हात पुढे गेलाय हे आधीच जाणवून देणारा रोलर. लोहाराला जमतील अशीच ही कामं. मळणीयंत्रांसाठी तर संसदेने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला आणि जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यावरही टाकली. कारखान्यांतल्या फिरत्या भागांना आवरण हवं, हे 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 21 फार आधीपासून सांगत होतं. पण दोन-चार माणसांचं शेड असल्या कायद्यांच्या सहसा बाहेरच राहतं.

अमेरिकेतलं उदाहरण जास्त नाट्यमय आहे. स्टीव्ह गॅस या पेटंट वकिलाने, जो भौतिकशास्त्रही शिकलेला होता, 1999 मध्ये ओलसर शरीराचा स्पर्श ओळखून काही मिलिसेकंदांत थांबणारी टेबल करवत तयार केली. प्रात्यक्षिकात तो ब्लेडवर सॉसेज सरकवायचा. त्यावर जेमतेम ओरखडा यायचा. मोठ्या उत्पादकांनी किंमत वाढेल, परवाना शुल्क द्यावं लागेल असं म्हणत ते तंत्र घेतलं नाही. पुढे 2010 मध्ये बोस्टनच्या ज्युरीने करवतीने हात जखमी झालेल्या एका कामगाराला 15 लाख डॉलरची भरपाई दिली. त्याने गार्ड वापरला नव्हता, हे कोर्टासमोर होतं. तरीही ज्युरीने उत्पादकाला मोकळं सोडलं नाही.

यंत्र सुरक्षित केलं की माणूस बेफिकीर होतो, असंही म्हणतात. थोडाफार होत असेल. पण बेफिकिरीने आलेला ओरखडा आणि तुटलेलं बोट यांत निवड करायची असेल, तर मी ओरखडा पत्करेन. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वतः थांबणारी करवत आपल्या सुताराला परवडणारी नाही, हे मान्य. मात्र गार्ड, बाजूची मूठ आणि पाना या गोष्टी ग्राइंडरच्या खोक्यातच येतात, त्यांचे पैसे आधीच दिलेले असतात. महाग पडतो तो वेळ, आणि तो वेळ कामगाराकडे नसतो. असतो तो काम देणाऱ्याकडे. म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही असं नव्हे, ती फक्त चुकीच्या माणसाच्या दारात नेऊन ठेवली जाते.

तो काम देणारा कित्येकदा तुम्ही-आम्हीच असतो. घरी ग्रिलवाला किंवा सुतार आला, तर त्याला तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड काढून द्या, गार्ड बसवायला लागणाऱ्या वेळाबद्दल कुरकुर करू नका आणि ‘आज संध्याकाळपर्यंत उरकाच’ हे वाक्य गिळून टाका. घरात स्वतःचा ग्राइंडर असेल, तर चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर बारीक अक्षरात छापलेली मुदत वाचा; ती बनवल्यापासून साधारण तीन वर्षांची असते. उलटून गेली असेल तर चकती तोडून कचऱ्यात टाका. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यातली चकती कुणीतरी लावतंच.