तुणतुणे
महाराष्ट्रातील एकतंत्री लोकवाद्य. लाकडी नळकांड्याच्या तळाशी चामडे ताणून बसवितात व त्याच्या मध्यातून ओवलेली तार नळकांड्याच्या पोकळीतून वर काढून, बाजूस जोडलेल्या दांडीच्या टोकाशी असलेल्या खुंटीला गुंडाळतात. लहानशा काडीने तार छेडली जाते. तार चामड्यास जवळजवळ लंब असल्याने तिच्या एका आंदोलनात चामड्यावरील ताण दोनदा वाढतो; त्यामुळे मूळ स्वराबरोबर दुप्पट कंपनसंख्येचा स्वरही ठळकपणे उमटतो. वाद्याचा नाद टोकदार वाटतो, तो बव्हंशी यामुळे.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर हे तुळजाभवानीचे क्षेत्र. तिचे उपासक असलेल्या गोंधळ्यांच्या गायनात संबळ हे तालाचे आणि तुणतुणे हे स्वराचे वाद्य होय. तुणतुण्याची तार मुख्य गायकाच्या षड्जात मिळवितात. तारेची लांबी ठरलेली असल्यामुळे स्वर केवळ ताणावर अवलंबून राहतो. एक अर्धस्वर चढविण्यास ताण सु. १२ टक्के वाढवावा लागतो, तर पूर्ण सप्तक चढविण्यास तो चौपट करावा लागतो. साहजिकच एका तुणतुण्याचा पल्ला मर्यादित असतो. दमट हवेत चामडे सैल पडून स्वर उतरतो. म्हणून रात्रभर चालणाऱ्या गोंधळात खुंटी पुन्हापुन्हा पिळणे आलेच.

एकच स्वर देणारे हे वाद्य लयही धरून ठेवते. तंबोऱ्याचा नाद अखंड वाहतो. तुणतुण्याचे आघात मात्र तुटक व मोजके असतात. गोंधळाच्या आख्यानात गद्य निरूपण आणि पद आळीपाळीने येतात. बोलता बोलता गायकाने पुन्हा पद उचलावे, तेव्हा स्वर त्याला तयार मिळतो. ‘तेच तुणतुणे वाजविणे’ हा वाक्प्रचार कंटाळवाण्या पुनरुक्तीसाठी रूढ आहे. तथापि ही पुनरुक्तीच गायकाचा आधार असल्याने तो वाद्यावर काहीसा अन्याय करणारा म्हणावा लागेल.

पोवाड्यात शाहिराच्या डफाला झीलकऱ्याच्या तुणतुण्याची जोड असते. तमाशातही ढोलकी, हलगी व झांज यांबरोबर ते वाजते. आराधी व जोगती यांच्या चौंडक्याची रचना याच जातीची आहे. मात्र त्याच्या तारेला खुंटी नसून ती हाताने कमीजास्त ताणतात, त्यामुळे स्वर घसरत जातो. स्थिर षड्ज हे तुणतुण्याचे वैशिष्ट्य त्यात नाही.

पेटीच्या प्रसारानंतर अनेक मेळांत तुणतुण्याचे काम पेटीकडे गेले. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असल्याने गायकाला त्यांपैकी एक निवडावी लागते. तुणतुण्याची तार मात्र त्याच्या गळ्याप्रमाणे, दोन पट्ट्यांच्या मधल्या स्वरातही, लावता येते.