अर्थिंग आहे, तरी शॉक का बसतो?

पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. घरात एमसीबी आहेत, अर्थिंगही केलेलं आहे, मग वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर शॉक का बसतो?

वीज जमिनीत जिरून जाते, हा समज या प्रश्नाच्या मुळाशी आहे. वीज जिरत नाही. फेजमधून निघालेल्या करंटला परत जायचं असतं ते ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे. स्वतंत्र घरात अर्थिंगची वायर त्याला मीठ-कोळशाच्या खड्ड्यापर्यंत पोचवते आणि पुढची वाट मातीतून असते. आता आकडे मांडू. घराच्या खड्ड्याचा रोध 18 ओहम, ट्रान्सफॉर्मरकडचा 2 ओहम धरा. आत फेजची वायर सोलवटून पत्र्याला टेकली, तर करंट 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. एमसीबी 16 अँपिअरची. तिच्या लेखी हे रोजचंच लोड, ती पडणार नाही. आणि मशीनचा पत्रा मात्र तब्बल 207 व्होल्टवर! मुरमाड जमिनीत, खड्डा सुकलेला असताना 18 ओहम हा आकडा मुळीच अतिशयोक्त नाही. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या मोठ्या सोसायटीत परतीची वाट तांब्याची किंवा लोखंडी पट्टीची असेल, तर करंट शेकड्यांत जातो आणि एमसीबी तत्क्षणी पडते. मातीच्या भरवशावर तसं होत नाही. मुळात एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून. माणसासाठी दुसरं यंत्र लागतं, ते म्हणजे आरसीसीबी.

हे यंत्र मला फार आवडतं. मेंढरं चरायला सोडताना धनगर ती मोजतो आणि सांजेला वाड्यात घेताना पुन्हा मोजतो. एक जरी कमी भरलं तरी ते कुठे गेलं हे कळायच्या आधीच तो सावध होतो. आरसीसीबीही करंटची अशीच मोजदाद ठेवते. तिच्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच लोहचुंबकीय कड्यातून जातात. गेलेला आणि आलेला करंट सारखा असेल तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. थोडा जरी करंट पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून भलतीकडे गेला, की कड्यावरच्या वेटोळ्यात वीज उपजते आणि खटका पडतो. घरगुती यंत्राची मर्यादा 30 मिलिअँपिअर असते आणि तेवढ्या गळतीला 0.3 सेकंदाच्या आत वीज तुटावी लागते.

माणसाला किती करंट सोसतो, हे ज्यांच्यामुळे कळलं त्या चार्ल्स डॅल्झिएल यांचं नाव आपल्याकडे क्वचितच कानावर येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांच्या हातात तांब्याची तार देऊन करंट हळूहळू वाढवत नेला आणि मूठ उघडता येईनाशी कधी होते ते टिपलं. पुरुषांची सरासरी सुमारे 16 मिलिअँपिअर भरली, स्त्रियांची साडेदहा. एलईडीचा लहानसा दिवादेखील याहून जास्त करंट घेतो! याच प्रयोगांच्या पायावर त्यांनी 1961 मध्ये 5 मिलिअँपिअरला वीज तोडणारं यंत्र उभं केलं. अमेरिकेतल्या न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत आज तेच बसवलेलं असतं. घरोघरी लावल्या जाणाऱ्या वस्तूमागे माणसाची इतकी काळजी असलेलं संशोधन क्वचितच सापडतं.

म्हणूनच आपल्याकडची एक पद्धत बघून जीव कळवळतो. पावसात आरसीसीबी वारंवार पडू लागली की ‘ती खराब झाली’ म्हणत वायरमनकडून ती बायपास करून घेतली जाते. ती बहुधा खराब नसते, गळती खरीच असते. ती शोधायची रीत सोपी आहे. डीबीतल्या, म्हणजे स्विचच्या मुख्य पेटीतल्या, सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी वर घ्या. जिच्यापाशी खटका पडेल, त्या लाइनवरचे प्लग काढून पुन्हा बघा. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनमध्ये मिसळला असेल, तरी हिशेब चुकतो आणि यंत्र पडतं. सगळ्या एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला चिकटलाय, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते. मग मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, घेऊन येणारा वायरमनच गाठावा लागतो.